इंजिनातली टकटक

मिस्त्रींनी इंजिन खोलून लोखंडी घोडीवर चढवलं होतं. वरचं हेड बाजूला काढलेलं, पिस्टन एका पोत्यावर ओळीने मांडलेले, आणि ब्लॉकमधली रिकामी भोकं छताकडे आ वासून बघत होती.

"हात घाला, वहिनी," मिस्त्री म्हणाले. "घाबरू नका. आता चावण्याइतका जोर राहिला नाही त्याच्यात."

तिने बाही वर सारली आणि एका भोकात बोट फिरवलं. आतली भिंत कुठे काचेसारखी गुळगुळीत लागत होती, कुठे उभे ओरखडे बोटाला खरखरत होते. बोट काठाशी आलं तेव्हा नख एका बारीक पायरीला अडलं.

"ती कड लागली ना? पिस्टन तिथवर पोचत नाही. म्हणून तेवढीच मूळच्या मापाची राहिली. बाकीचं सगळं जाऊन-येऊन झिजलंय."

तिला एकदम नवऱ्याचं मनगट आठवलं. अंग पुसताना हल्ली तिच्या दोन बोटांत मावायचं ते. तिने हात काढून घेतला आणि मिस्त्रींनी पुढे केलेल्या चिंधीला पुसला.

दाराशी तिचा दीर उभा होता. कोपराला पट्टी, चेहरा ओढलेला. गेल्या आठवड्यात चढावर, पिठाची पोती भरलेली असताना, इंजिन जागच्या जागी जाम झालं होतं. ट्रक मागे घसरत गेला तो रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगाला टेकला, म्हणून निभावलं. घरी आल्यावर दिराने एवढंच सांगितलं होतं, "पोती वाचली, वहिनी." स्वतःबद्दल त्याने ब्र काढला नव्हता.

"आता नीट ऐका," मिस्त्री स्टुलावर बसत म्हणाले. "वाटा दोन. एक तर हेच बांधायचं. भोकांत नवे लायनर, नवे पिस्टन, क्रँक लेथवर घासून घ्यायचा. वेळ लागेल, लेथवाला माझ्या तालावर नाचत नाही. दुसरी वाट, अपघातातल्या गाडीचं एक जुनं इंजिन बाजारात आलंय. परवा बसवून देतो. चालतंय, मी सुरू करून ऐकलंय. पण आधीच्या माणसाने ते कसं वापरलं हे त्या इंजिनालाच ठाऊक. खर्च म्हणाल तर उन्नीस-बीस."

"बदलून टाका," दीर दारातूनच म्हणाला.

"बांधायचं," ती त्याच वेळी म्हणाली.

मिस्त्रींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आधी घरात भांडून यायचं असतं हो. इथे मध्यस्थीचे वेगळे लागतात."

कुणी हसलं नाही.

"वहिनी, गिरणीवाला थांबणार नाही. दुसरा ट्रक लावील," दीर म्हणाला. "आणि लोखंडच ते. त्यात एवढा जीव काय अडकवायचा?"

जीव कुठे अडकला होता, ते तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

नवऱ्याला झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोळे उघडे असायचे, पण समोरच्या माणसावरून सरकून भिंतीकडे निघून जायचे. ती बोलायची, भरवायची, कूस बदलायची. ओळखीची खूण म्हणून कधी मिळाली नाही. पण त्याच्या जागी दीर ट्रक चालवायला लागला आणि एका सकाळी मागच्या अंगणात त्याने तो सुरू केला. थंड इंजिनाची ती टकटक, टकटक खिडकीतून आत आली, आणि चादरीवरचा डावा हात हलला. मूठ वळली, पुढे सरकली, मागे आली. गिअर टाकत होता तो. तिने भांडं खाली ठेवलं आणि नुसती बघत राहिली.

तेव्हापासून तिने नेमच धरला. सकाळी देवापुढे हात जोडायचे, मग खिडकी सताड उघडायची आणि नवऱ्याच्या उशाशी बसायचं. थंडी असो, स्वतःच्या अंगात ताप असो, खिडकी कधी चुकली नाही. आवाज यायचा, हात हलायचा. देवाकडे मागायचं ते तेवढ्यात मिळून जायचं.

म्हणून दीर जेव्हा म्हणू लागला की इंजिन धूर फेकतंय, ऑइल पितंय, एकदा खोलून घेऊ, तेव्हा ती दर वेळी काहीतरी काढायची. हे बरे होऊ देत. थंडी सरू दे. दीर मान हलवायचा आणि ऑइलचा डबा घेऊन बाहेर जायचा.

"वर्षापूर्वी आणलं असतंत तर नुसत्या पिस्टनच्या रिंगा बदलून भागलं असतं," मिस्त्री म्हणाले. "पण लोक आधी नवस बोलून बघतात, मग माझ्याकडे येतात."

तिने मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "मिस्त्री, हेच बांधलंत तर आवाज पहिल्यासारखाच येईल ना?"

मिस्त्रींना वाटलं, आपल्या हातावर शंका घेतली जातेय. ते ताठ झाले. "अहो, काय बोलता. पहिल्यासारखा कशाला येईल? सकाळी ते टकटक वाजायचं ना, ते बंद. एकदम बंद. पिस्टन सैल पडला म्हणून भिंतीवर आपटायचा तो. मी बांधल्यावर गाडी दाराशी उभी राहिली तरी घरात कळणार नाही तुम्हाला."

तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते थांबले. "का? काय झालं?"

मग तिने सांगितलं. फार नाही, चार वाक्यांत. खिडकी, आवाज, डावा हात. सांगताना ती दिराकडे बघत नव्हती.

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. तिच्या नवऱ्याचे ते जुने मित्र. ह्याच ट्रकखाली बसून दोघांनी एका ताटात खाल्लेलं. त्यांनी पोत्यावरचा एक पिस्टन उचलला आणि भोकात सोडून तो किती सैल आहे ते पाहिलं.

"एक करता येतं," शेवटी ते अडखळत म्हणाले. "मापापेक्षा लहान पिस्टन घातले तर वाजेल. तसंच वाजेल. पण ते काम मी करणार नाही, वहिनी. पुन्हा चढावर जाम झालं तर दर वेळी मातीचा ढीग नसतो मागे."

ती दिराच्या कोपराच्या पट्टीकडे बघत राहिली. पट्टीच्या कडेला पिवळसर डाग आला होता. इतके दिवस ती ज्या आवाजाला देवाची कृपा समजून हात जोडत होती, तो आवाज रोज ह्याला थोडंथोडं कड्याकडे ढकलत होता.

"भाऊजी," ती म्हणाली. "माझ्यामुळे…"

"तुमच्यामुळे काही नाही," दीर म्हणाला. तो आत आला आणि एका उलट्या डब्यावर बसला. "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"खिडकी. कडाक्याच्या थंडीत खिडकी उघडी ठेवून बसणारं माणूस काय हवा खात असतं का? एकदा भिंतीशी येऊन बघितलं मी आत. दादाचा हात दिसला." त्याने पट्टीची कड उगाच सारखी केली. "इंजिन गरम झालं की ती टकटक कमी व्हायची. मग मी ते बंद करायचो, थोडं निवू द्यायचो, आणि पुन्हा सुरू करायचो. तुम्हाला वाटत असेल, ह्याला ट्रक धड सुरू करता येत नाही."

"वाटायचं," ती म्हणाली. हसू आणि हुंदका एकदमच आला.

"मग बदला कशाला म्हणत होतास रे?" मिस्त्रींनी विचारलं.

"आठवडा झाला अंगण मुकं पडून. दादाचा हात चादरीवर तसाच. वाटलं, कसलंही इंजिन असो, सकाळी काहीतरी वाजू दे. मला ते बघवत नाही."

बाहेर कुणीतरी गाडीचा भोंगा वाजवून निघून गेलं.

"भाऊजी, चालवायचं तुम्हाला आहे," ती म्हणाली. "चढावर कुठलं इंजिन असलं की तुमचं मन स्वस्थ राहील, ते सांगा. ह्यांचं नका बघू. माझंही नका बघू."

दिराने पोत्यावरच्या पिस्टनांकडे पाहिलं. "मिस्त्रींनी बांधलेलं," तो म्हणाला.

"मग बांधा," ती मिस्त्रींना म्हणाली. "आणि मापात बांधा. अगदी मापात."

गिरणीवाला तोंडाने कडू पण माणूस बरा निघाला; थांबला. लेथवाल्याने रडवलंच. मधल्या दिवसांत सकाळी तिने खिडकी उघडली नाही, पण उशाशी बसायचं सोडलं नाही.

ट्रक आला त्या सकाळी देवापुढे हात जोडताना तिला काय मागावं ते सुचेना. मग भाऊजींना सुखरूप ठेव, एवढंच म्हणून ती उठली. खिडकी उघडली. अंगणात दिराने किल्ली फिरवली.

इंजिन लगेच लागलं. मऊ, भरलेला, एकसारखा आवाज. दूरवर कुणीतरी धान्य दळत असावं तसा. टकटक नव्हती. मिस्त्रींनी शब्द पाळला होता.

ती चादरीकडे बघत होती. डावा हात पालथा पडून होता. बोटंसुद्धा हलली नाहीत. डोळे छताकडे.

दिराने या वेळी इंजिन बंद केलं नाही. जरा वेळ वाट पाहिली, ते चालू ठेवूनच खाली उतरला, आणि चपला काढून दारात येऊन उभा राहिला. तिने त्याच्याकडे बघून मान हलवली. नाही.

मग तिने नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला, त्याची मूठ वळवली, आणि इतके दिवस रोज सकाळी पाहून ठेवलेलं आठवत ती मूठ हळूच पुढे नेली. मग मागे. मग जराशी बाजूला घेऊन पुन्हा पुढे. हात नेला तिकडे जात होता. पुढचं तिला आठवेना. ती तिथेच मूठ धरून थांबली.

"चौथा गिअर तिथूनच सरळ मागे येतो, वहिनी," दीर दारातून म्हणाला.

तिने हात सरळ मागे आणला.

"हं," दीर म्हणाला. "आता सपाट रस्ता आहे. आता काही करायचं नाही. धरून बसा नुसतं."

ती धरून बसली. त्याने चपला घातल्या. जरा वेळाने अंगणातला आवाज वळला, फाटकातून बाहेर पडला, आणि किती लांबपर्यंत ऐकू येत राहिला ते तिला नीट कळलं नाही, इतका तो हळू होता.