वेगळी चूल मांडणारा सर्व्हर

दुपारचा प्रयोग सुरू व्हायला अर्धा तास होता, तेवढ्यात नाट्यगृहातून दादाचा फोन आला. "चिमणे, एकाच खुर्चीवर दोघं हक्क सांगतायत. दोघांचीही तिकिटं खरी! तुझ्या मशिनांना वेड लागलंय का?"

नाट्यगृहाची तिकिटं विकणारी यंत्रणा या भावंडांची. माणसं दादाने सांभाळायची, सर्व्हर चिमणीने. सर्व्हर तीन, क्लाउडवर भाड्याने घेतलेले. तिघांनी एकमेकांना शोधून एक क्लस्टर, म्हणजे टोळी करायची आणि एकाने विकलेली खुर्ची बाकीच्यांना लगेच कळवायची, असा शिरस्ता.

चिमणीचं डोकं भलतीकडेच धावलं. असं झालंच कसं? तिने तिघांनाही एकच विचारलं: तुमच्या टोळीत कोण कोण आहे? दोघांनी एकमेकांची नावं सांगितली आणि तिसरा बेपत्ता असल्याचं कळवलं. तिसरा म्हणाला, मी एकटाच, प्रमुखही मीच.

"अरे वा!" ती पुढे सरकून बसली. "दादा, याने वेगळी चूल मांडलीय!"

"मग पुसून टाक त्याला आणि परत जोड."

"थांब रे. सकाळपासून त्यानेही तिकिटं विकलीत. पुसला, तर ती माणसं दारात येतील आणि आपल्याकडे त्यांचा मागमूस नसेल."

तिने तिसऱ्याची विक्री थांबवली, त्याची तिकिटं बाजूला उतरवून घेतली आणि मग त्याचा लॉग, म्हणजे कामाची नोंदवही, उघडला. सकाळी क्लाउडवाल्यांनी त्याचं बिघडलेलं मशिन बदलून नवं दिलं होतं. नव्या मशिनने उठल्या उठल्या सोबत्यांना हाका मारल्या. पण नेटवर्क अजून जुळलेलं नव्हतं. कोणी ओ दिली नाही. आणि कोणी न सापडल्यास नवं क्लस्टर सुरू करायची मुभा या एकाला होती. पहिल्यांदा सगळं उभं करताना ती लागतेच, पण नंतर काढायची राहून गेली होती. बिचाऱ्याने सांगितलं तेच केलं! आणि एकदा स्वतःच प्रमुख झाल्यावर, नेटवर्क जुळलं तरी सोबत्यांना शोधायचं त्याला कारणच उरलं नाही.

चिमणीने मुभा काढली. आता सोबती भेटेपर्यंत त्याने नुसतं थांबायचं. त्याचा डेटा रिकामा करून तिने त्याला पुन्हा उठवलं आणि संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली. शोधतोय... सापडले... सामील झालो. मग तिने त्याची तिकिटं एकेक करून टोळीच्या हिशेबात घातली. ज्या खुर्च्या दोनदा गेल्या होत्या, त्यांवरच्या दोघांपैकी एकेका प्रेक्षकाला दादाने पाहुण्यांसाठी राखलेल्या रांगेत नेऊन बसवलं. एक आजोबा बराच वेळ पुटपुटत होते, पण पडदा वेळेवर उघडला.

"सुटलो बाई," दादा फोनवर म्हणाला.

"दादा, सोमवारी विक्री बंद असते ना? तेव्हा मी एक मशिन मुद्दाम पाडणार आहे."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"परत येताना ते काय करतं, ते बघायचंय. आणि दोन पाडली तर उरलेलं एक काय करेल?"

"काय करेल?" दादाने विचारलं. "बरं, मी आल्याशिवाय सुरू करू नकोस."