पट्टीखालचा जोड

ते झुडूप इथल्याच डोंगरावरचं, आणि ते शोधलं मी. तीस वर्षांपूर्वी त्याची पानं-फुलं वाळवून एका शीटवर चिकटवली, जगाला नवी जात दिली आणि त्या जोरावर या वनस्पती संग्रहालयाचा प्रमुख झालो. पुढे ते झुडूप कुणालाच सापडलं नाही. मी त्याला अतिदुर्मीळ म्हणतो.

नोकरीच्या तोंडी परीक्षेत प्रत्येक उमेदवारापुढे मी हीच शीट ठेवतो. शहाणी माणसं नाव सांगतात, वर दोन शब्द माझ्या कौतुकाचे बोलतात आणि पास होतात.

भिंगवालीला तेवढी अक्कल नव्हती. गळ्यात कायम भिंग, म्हणून हे नाव. नऊ वर्षं माझ्या हाताखाली हंगामी, पान ओळखायला मीच शिकवलेली. नमुन्यांच्या कपाटाच्या किल्ल्याही तिच्याकडेच. पुढच्या महिन्यात ती वयाची मर्यादा ओलांडणार, म्हणजे कायम व्हायची ही शेवटची संधी.

फांदी शीटला धरून ठेवायला जिथं कागदाची पट्टी चिकटवलेली होती, तिथंच तिनं भिंग धरलं.

"सर, खालच्या फांदीला पानं समोरासमोर आहेत. फुलांच्या काडीवर मात्र गळलेल्या पानांच्या खुणा एकाआड एक दिसतायत. ही दोन वेगळी झुडपं आहेत. पट्टीखाली जोड आहे."

एकाच पिशवीत कोंबलेल्या फांद्या आणि तंबूत घाईघाईनं केलेली जुळवाजुळव आठवली. पोरीचं बरोबर होतं. निवड समितीतले दोघं माझ्याकडे बघत होते.

"अरे वा! बाई आता तीस वर्षांचा संसार मोडायला निघाल्या," मी म्हणालो. दोघंही पोट धरून हसले.

"पट्टी सोडवून बघू या का, सर? थोड्या पाण्यानं सुटेल."

"नमुन्याला हात लावायचा नाही."

तिच्या नावापुढे मी लिहिलं, ओळख चुकली, नापास.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. भांडायला आली असेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण तिचे डोळे सुजलेले होते.

"सर, माझं कुठं चुकलं ते दाखवाल?"

मी दाखवलं. कपाटातून दुसरी एक शीट काढली आणि खाली पानं समोरासमोर, शेंड्याला एकाआड एक, अशीही झुडपं असतात हे शांतपणे समजावलं. इतकं चांगलं मी कित्येक वर्षांत शिकवलं नव्हतं. तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं.

"माझीच नजर कच्ची, सर. उगाच तुमच्या कामावर शंका घेतली."

"होतं असं," मी म्हणालो. "जाताना कपाटाच्या किल्ल्या ठेवून जा."