चौथ्या रांगेतली हेडविग

गुड फ्रायडेच्या दुपारी गॉटहार्टच्या सुनेने, उल्रीकेने, नवी सीडी लावली. पॅशन, म्हणजे येशूच्या यातनांचं समूहगान, तेच, तीनशे वर्षांपूर्वीचं. पण गाणारे फक्त आठ.

"ऐका ना पप्पा, एकेक आवाज कसा वेगळा कळतोय! तुमची ती जुनी रेकॉर्ड म्हणजे नुसता गलबला."

"गलबला तुझ्या कानात आहे," गॉटहार्ट खेकसला आणि त्याने हट्टाने जुनीच लावली. नाउम्बुर्गच्या चर्चमधले नव्वद जण, आणि चौथ्या रांगेत त्याची बायको हेडविग. ती गेल्यानंतरचा हा पहिलाच गुड फ्रायडे.

तो स्पीकरला कान लावून बसला. हेडविग सापडेना. सापडणार कशी? एखादीचा आवाज वर आला की गाणं बसवणारे मास्तर सगळ्यांदेखत झापायचे. श्वाससुद्धा शेजारणीशी ठरवून आळीपाळीने घ्यायचा. 'जन्मात कुणाला एकटी ऐकू आले नाही,' असं ती मिरवायची.

ऐकू आली होती, एकदाच. याच रेकॉर्डिंगला सगळे थांबले असताना ती एकटीच आधी सुरू झाली. मास्तर दमले होते, 'चालेल' म्हणाले. पण तिने रडून डोळे सुजवले, तेव्हा गॉटहार्टनेच मास्तरांच्या हातापाया पडून तेवढा भाग पुन्हा गाऊन घ्यायला लावला.

ती जागा आली. सगळे थांबले. चर्चमधली शांतता स्वच्छ ऐकू आली, आणि मग नव्वद जण एकदम सुरू झाले.

"इथे मात्र अगदी चोख हं, पप्पा!" उल्रीके म्हणाली.

त्याने सुई उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.