फोटो काढणाऱ्याची सावली

हौसेला मोल नाही म्हणतात, ते या धंद्यात पडल्याशिवाय कळत नाही. लोकांना सुट्टीचे फोटो विकत हवे असतात, आणि आपले नव्हे हं, परक्यांचे! कुणा अनोळखी कुटुंबाने पन्नास वर्षांपूर्वी समुद्रावर नाहीतर डोंगरावर काढलेले. एका गिऱ्हाइकाला फक्त टपावर सामान बांधलेल्या गाड्या लागतात. एका बाईंना घडीच्या खुर्चीत झोपलेले पुरुष हवेत, तोंड उघडं असेल तर आणखी बरं. आणि काही शहाण्यांना तर फोटोतली माणसंच नकोत. त्यांना हवी असते फोटो काढणाऱ्याची सावली. ऊन पाठीवर घेऊन उभा राहिलेला बाप, त्याची लांब सावली खालच्या कडेला वाळूवर पडलेली, कॅमेरा डोळ्यांशी, दोन्ही कोपरं बाहेर. अशा फोटोला चौपट भाव.

या सगळ्यांना माल पुरवायची ती फोटोवाली. बावन्न वर्षांची, घरात ती आणि काठी टेकत चालणारी म्हातारी आई. कुणाचं घर रिकामं होतंय असं कानावर आलं की ही तिथे हजर. फोटोंची खोकी आणायची, जेवणाच्या टेबलावर ओतायची आणि भाजी निवडावी तशी निवडायची. वीस वर्षांच्या सवयीने तिची नजर आधी खालच्या कडेला जायची. सावली आहे? ठळक आहे? कोपरं दोन्ही दिसतात? झालं, पाकिटात. वर उभी असलेली माणसं कोण, हसतायत की रडतायत, हे तिच्या गावीही नसायचं.

आणि इथेच बाईने माती खाल्ली.

मंगळवारी सकाळी चहा पिताना आईने विचारलं, "अगं, माझ्या फोटोची काच बसली का?"

फोटोवालीने कप तसाच खाली ठेवला. काच तडकली म्हणून तो फोटो तिनेच दहा दिवसांपूर्वी भिंतीवरून उतरवला होता, फ्रेममधून सोडवून टेबलावर ठेवला होता. त्याच टेबलावर. आणि त्याच दुपारी साठ फोटो निवडून पार्सलं रवाना झाली होती. तिने घाईघाईने यादी काढली. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'समुद्रकिनारा. एक बाई, एक मुलगी. सावली ठळक, कोपरं दोन्ही.' बाई म्हणजे तिची आई. मुलगी म्हणजे ती स्वतः, नऊ वर्षांची. काय म्हणावं या बयेला! भिंतीवर होती तोवर ती बाबांची सावली, टेबलावर आली की माल.

त्या सावलीपलीकडे बाबांची काही खूण उरली नव्हती. कॅमेरा दुसऱ्याच्या हाती दिला की फोटो वाकडा येतो, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे घरातले सगळे फोटो त्यांनी काढले आणि ते स्वतः एकाही फोटोत नाहीत. लग्नाचा एक होता, तो घर बदलताना भिजून गेला. आणि समुद्रावरच्या त्या सुट्टीनंतर तीन महिन्यांत बाबाही गेले. फोटोवालीला त्यांचा चेहरा आठवत नव्हता. हे तिने आईला कधीच सांगितलं नव्हतं, सांगायची लाज वाटायची. रोज सकाळी त्या सावलीकडे बघत ती चेहरा जुळवायला बसायची आणि तो काही केल्या जुळायचा नाही.

"उद्या मिळेल," ती म्हणाली.

"बघ हं. माझं आता पिकलं पान. उगाच उद्या-परवा करू नकोस."

फोटो गेला होता एका म्हाताऱ्या बाइंडरकडे. हयातभर पुस्तकं बांधलेला माणूस. गेली तीन वर्षं तो तिच्याकडून फक्त सावल्या घ्यायचा, भावात कधी घासाघीस नाही. ती दोन बस बदलून त्याच्या दारात पोचली. खाली बंद पडलेलं दुकान, वर राहायची खोली. दार उघडताच तिने सुरुवात केली, "काका, माझी चूक झाली. तो मागच्या आठवड्यातला समुद्राचा फोटो आमच्या घरचा आहे. पैसे परत घ्या, वर आणखी घ्या, पण तेवढा द्या मला."

म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. "बाई, तो मी कापला."

"कापला?"

"सगळेच कापतो. आत या."

आत एक लांब पांढरी भिंत होती, आणि भिंतीवर एका रेषेत फोटोंच्या खालच्या पट्ट्या. शेदोनशे तरी असतील. कटिंग मशीनवर कापलेल्या, सरळ, एकीला दुसरी भिडवून चिकटवलेल्या. कुठे वाळू, कुठे गवत, कुठे फरशी, आणि सगळीकडे सावल्याच सावल्या. बायको नाही, पोरं नाहीत, पाठीमागचा समुद्र नाही.

"चेहरे असले की बघणारा चेहरेच बघतो," बाइंडर म्हणाला. "फोटो काढणाऱ्याकडे कुणाचं लक्ष जातं? म्हटलं, यांनाही एकदा मानाची जागा द्यावी. वरचे तुकडे मी टाकत नाही हो, ते खोक्यात आहेत."

त्याने खोक्यातून तिचा तुकडा लगेच काढून दिला. आई आणि ती, दोघी उन्हाने डोळे बारीक केलेल्या, घोट्यापाशी कापलेल्या. तिने तो छातीशी धरला आणि भिंतीजवळ गेली. समोरच्या पट्टीतला हा टोपीवाला तिच्या ओळखीचा होता, गेल्या हिवाळ्यात तिनेच विकला होता. 'कोपरं दोन्ही' असं लिहूनच विकला होता. आता टोपीवाल्याचे दोन्ही हात अंगालगत लोंबत होते. शेजारच्या जाड्याचेही. त्याच्या पुढच्याचेही. तिने डोळे चोळले, पुन्हा बघितलं.

"काका, यांचे हात..."

"खाली आलेत ना? तुम्हालाही दिसतंय म्हणजे. मला वाटलं, माझेच डोळे गेले." म्हाताऱ्याने आवाज उगाचच बारीक केला. "नवीन आला की कोपरं वर असतात. पंधरा दिवस, महिना. मग एकेक हात सुटतो. समोर कुणीच नाही म्हटल्यावर फोटो काढायचा कुणाचा?"

हे सगळे बाप तिनेच तर पुरवले होते. एकेक पाकिटात घालून, भाव लावून. तिला त्या भिंतीसमोर उभं राहवेना, आणि बाबांना घेतल्याशिवाय जाताही येईना.

पार शेवटी, दाराजवळ, एकाच सावलीची कोपरं वर होती. तिने हातातला तुकडा त्या पट्टीवर धरला. घोटे आणि पावलं तंतोतंत जुळली.

बाइंडरने पात्याने पट्टी अलगद सोडवून दिली. पैसे घेईना. "न्या बाई. आणि खरं सांगू? यापुढे मला आणखी पाठवू नका. हल्ली यांच्याकडे पाठ करून मला बसवत नाही."

बसमध्ये तिने तुकड्यांचं पाकीट दोनदा उघडलं. पहिल्यांदा कोपरं होती तशी होती. दुसऱ्यांदा डावं कोपर उतरलं होतं. "बाबा, थांबा हो जरा, पोचतोच आहोत," ती मोठ्याने बोलून गेली. शेजारची बाई निमूटपणे उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

घरी येऊन तिने दोन्ही तुकडे मागून चिकटपट्टीने जोडले. तोवर दुसरा हातही खाली आला होता. आता लपवून काय उपयोग? तिने फोटो आईच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, अगदी चेहरा आठवत नाही इथपर्यंत. सांगताना ढसाढसा रडली. बावन्न वर्षांची बाई, पण आईपुढे कसलं आलंय वय!

आई रागावली नाही. भिंग घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हात दमले असतील गं. त्रेचाळीस वर्षं म्हणजे काही थोडी झाली?" आणि फोटोवर वाकून, घरातल्या माणसाशी बोलावं तशी सहज बोलली, "अहो, किती वेळ उन्हात उभे राहणार? या आत."

"आई, असं नको ना बोलूस."

"का? माझा नवरा आहे. तुझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोवालीने उठल्याबरोबर आधी फोटो बघितला. वर आई होती, ती होती. जोडाच्या खाली दोघींची पावलं आणि पुढे नुसती वाळू. मिळवला, आणला, आणि तरी घालवला, असं तिच्या मनात आलं. ती फोटो घेऊन आईच्या खोलीत धावली.

आई खिडकीसमोर उभी होती. काठीशिवाय. चांगले कपडे घातलेली, केस विंचरलेली. खिडकीतून सकाळचं ऊन आत आलं होतं, आणि उन्हात, फरशीवर, खिडकीपासून थेट आईच्या पावलांपर्यंत एका माणसाची लांब सावली पडली होती. खिडकीत कुणी नव्हतं. सावलीची दोन्ही कोपरं वर होती.

"आलीस? ये, अशी माझ्या शेजारी," आई खिडकीवरची नजर न काढता म्हणाली. "केस सारखे कर. आणि हलू नकोस."

खोटं कशाला बोला, पळून जावं असं फोटोवालीला एकदा वाटलं. पण पाय गेले ते आईकडेच. ती शेजारी उभी राहिली, लहानपणी फ्रॉकमध्ये उभी राहायची तशी, हात मागे बांधून. ऊन डोळ्यांवर येत होतं. खिडकीत नुसता उजेड होता, आणि त्या उजेडात चेहरा असेल म्हणून ती डोळे फाडून बघत होती.

फरशीवरची कोपरं हलली. सावकाश खाली येऊ लागली. फोटो काढून झाला होता.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, अजून एक!"

कोपरं थांबली. मग पुन्हा वर गेली. आई हसली.

हळूहळू ऊन वर चढलं, खिडकीबाहेर गेलं. सावली गेली नाही. दुपारी पार्सलं न्यायला माणूस आला. त्याने बेल वाजवली, मग दार ठोठावलं, "ताई, आहात का घरात?" म्हणून दोनदा हाक मारली. फोटोवालीला सगळं ऐकू येत होतं. पण ती हलली नाही. कोपरं अजून वर होती.