बिनआवाजाची गाडी

गाडी चालूच होती आणि सर्जेरावांनी पुन्हा किल्ली फिरवली. जी काही किंचाळी फुटली, ती फाटकाबाहेरच्या भाजीवालीनेही ऐकली. फक्त सर्जेरावांनी ऐकली नाही.

"अरे मामू, चालूच है गाडी!" जुनी गाडी न्यायला शहागंजहून आलेले नईमभाई खिडकीशी धावले. "जाते जाते स्टार्टर की वाट लगाते क्या?"

सर्जेरावांनी चटकन हात मागे घेतला. दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टर तनुजाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. झालं, आता नोकरी गेली, असं सर्जेरावांच्या मनात आलं.

सतरा वर्षं ते बाईंची ही डिझेल गाडी चालवत होते. मंगळवारी आणि शुक्रवारी सिल्लोडचा दवाखाना, बाकी दिवस गावातल्या गावात. इंजिनाच्या आवाजावर गिअर टाकणारा माणूस. पण दोन वर्षांपासून तो आवाज लांब लांब जात चालला होता. मग सर्जेराव डावा तळहात गिअरच्या मुठीवर ठेवायला लागले. हाताला थरथर लागली, की गाडी चालू. आज डॅशबोर्डवरचा खंडोबा काढून घेण्यात हात गुंतला आणि तेवढं राहून गेलं.

घरीसुद्धा त्यांनी काही सांगितलं नव्हतं. टीव्हीचा आवाज वाढवला, की गीताबाई "म्हातारे झालात" म्हणायच्या, तेवढ्यावर भागत होतं. बहिऱ्या ड्रायव्हरला कोण ठेवतं? नशीब एवढंच, की वर्षभरापासून बाई मागची सीट सोडून पुढे बसायला लागल्या होत्या. मागे मळमळतं म्हणायच्या. पुढे बसून त्या सर्जेरावांकडे वळून बोलत आणि ओठांवरून यांचं निभावून जाई.

विजेवरची गाडी येणार म्हटल्यावर अख्खी गल्ली त्यांचं सांत्वन करायला लोटली होती. "लई जीव असंल तुमचा जुनीवर," जो तो म्हणे. सर्जेराव मान खाली घालून "व्हय ना" म्हणत आणि मनातल्या मनात त्यांना उकळ्या फुटत. गिअर नाही, इंजिन नाही, ऐकायचंच काही नाही! अशी गाडी देवानेच धाडली असं त्यांना वाटत होतं, आणि नेमकं ती दारात आल्यावर हे असं व्हावं.

नव्या गाडीची पूजा झाली. चाकाखालची लिंबं चिरडून गाडी पुढे सरकली.

"आवाजच येत नाय की वो!" भाजीवाली खिडकीशी येऊन म्हणाली.

"खरंच की," सर्जेराव म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आणि बाकीच्यांना सारखंच ऐकू आलं होतं. पण आनंद काही होईना. बाई शेजारी येऊन बसल्या होत्या, पण आज त्यांच्याकडे वळल्या नव्हत्या.

सिल्लोडच्या वाटेवर, फुलंब्रीच्या अलीकडे बाईंनी हाताने खूण करून गाडी बाजूला घ्यायला लावली.

"कधीपासून ऐकू येत नाही?"

सर्जेरावांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. "दोन वर्षं झाली, मॅडम. आमच्या पोरीचं, सायलीचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष हाय, म्हून बोललो नाय. पण कुठं ठोकली नाय गाडी. घडीघडीला आरशात बघत व्हतो."

"नशीब म्हणायचं. मला संशय होता आणि मीही गप्प बसले, तेही चुकलंच." बाईंचा आवाज चढला होता, तो मात्र त्यांना नीट ऐकू आला. "उद्या कान दाखवायचे. मशीन लागेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मी चालवीन."

"आन् मंग?"

"मग तुम्हीच. दुसरं कोण चालवणार?"

सर्जेरावांना रडू आलं. ते त्यांनी लपवलंही नाही. डोळे पुसत ते उतरले आणि वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसले. सिल्लोडपर्यंत बाईंनी गाडी इतकी हळू चालवली, की एक ट्रॅक्टरसुद्धा पुढे निघून गेला.

मशीन लागायला तीन आठवडे गेले. कानाच्या डॉक्टरांनी पुन्हा कान तपासले, गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले. पहिल्याच मंगळवारी सर्जेराव सकाळी सातला दवाखान्यात हजर झाले, आणि सवयीने पुढचं दार उघडून उभे राहिले. बाई आल्या, त्यांच्यासमोरून मागे गेल्या, स्वतःच दार उघडून बसल्या. चपला काढून पाय वर घेतले.

"मॅडम, मागं मळमळंल की."

"मला कुठे मळमळतं, सर्जेराव?" बाईंनी डोळे मिटले होते. "फुलंब्रीला चहाला उठवा."

वर्षभर बाई जिथे बसत होत्या, त्या पुढच्या सीटकडे सर्जेरावांनी पाहिलं. मग त्यांनी पुढचं दार हळूच लावलं. लागल्याचा आवाज त्यांना आला.