दारातली चप्पल

माझी बायको दीपमाला गेली तेव्हा माझा फोन लॉकरमध्ये होता. लोणंदजवळच्या खंडाळ्यातल्या आमच्या औषध कंपनीत आत फोन नेता येत नाही. काचेपलीकडून माझ्या शिफ्टमधला शिवतेज हातवारे करत होता. मी त्यालाच थांबायची खूण केली, कारण भिंतीवरच्या हवेच्या दाबाच्या गेजचा काटा पडला होता. कोणीतरी दार नीट लावलं नव्हतं. माझं काम तेच. खोलीतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवायचा, म्हणजे हवा बाहेर जाते आणि धूळ आत येत नाही. दार उघडं राहिलं की काटा शून्यावर.

काटा जागेवर आणून बाहेर आलो. शिवतेज म्हणाला, "सांगलीला निघा दादा. वैनी गेल्या."

विश्रामबागच्या दवाखान्यात तिच्या खोलीबाहेरही तसाच गेज होता. रक्ताचा कॅन्सर, साधा सर्दीचा जंतूही तिला चालणार नव्हता. पण ते दार कोणी लावतच नसे. वॉर्डबॉय ट्रॉली अडकवून जायचा. माझ्या सासूबाई, बयाबाई, बाहेर बाकावर बसायच्या आणि पायातली एक चप्पल दारात सारायच्या. आजारी माणसावर दार लावत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मी समजावलं, ओरडलो, सिस्टरकडे तक्रार केली. मी वळलो की चप्पल परत दारात.

शेवटच्या रविवारी दीपमालाच म्हणाली, "राहू द्या वो उगडं. आईचं तोंड दिसतंय."

"बरी झालीस की बघ," म्हणून मी दार लावलं आणि ड्युटीला निघून आलो. ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण राग जात नाही. कोणावर आहे तेही कळत नाही.

ती गेल्यावर मी पोचलो तेव्हा तिला अजून हलवलं नव्हतं. दार सताड उघडं, खाली चप्पल. मी चप्पल काढली, दार लावलं आणि काटा चढून जागेवर येईपर्यंत बघत उभा राहिलो.

बयाबाई बाकावरूनच म्हणाल्या, "आता कुणासाठनं लावताय, पावणं?"

चप्पल माझ्या हातातच राहिली, मग कधीतरी पिशवीत गेली. दुसरी बाकाखाली टाकून त्या अनवाणीच गाडीत बसल्या.

ती चप्पल लोणंदला माझ्या घरी आहे. बुधगावला त्यांच्या घरी जाऊन द्यायची राहिली आहे.