एक लांब शिट्टी

हो, मीच बोलतेय, पितळेची शिट्टी. घडले कारखान्यात, पण मला खरा आवाज दिला तो हमदुल्लासाहेबांनी. समुद्रापलीकडच्या एका छोट्या बेटाचे ते पोलीसप्रमुख होते.

दोन हजार आठ साली तिथे लष्कराने सत्ता बळकावली. राष्ट्राध्यक्ष कैदेत गेले. जनरलने साहेबांना बोलावून सांगितलं, "खुर्ची तुमचीच राहील. फक्त चौकातल्या बायका हटवा."

त्या बायका राष्ट्राध्यक्षांना सोडा म्हणून उन्हात बसल्या होत्या. आमच्या पोलिसांत दोन शिट्ट्या म्हणजे गोळीबार, एक लांब शिट्टी म्हणजे मागे फिरा. शिपाई बंदुका रोखून थांबले होते. साहेबांनी मला ओठांना लावलं. त्यांनी मला एकदाच फुंकलं, छातीतला दम संपेपर्यंत. बंदुका खाली आल्या.

खुर्ची गेली, देशही सुटला. पत्नी खतीजाबींना मात्र पासपोर्ट मिळाला नाही.

साहेब आखातातल्या फुजैरा बंदरात आले. तेलाच्या टर्मिनलवर वसईचे कॅस्मिर सेफ्टी ऑफिसर होते. मंदीत निम्मी माणसं घरी गेलेली, पण गेटवर टँकर थांबवायला कुणीतरी हवंच होतं. कॅस्मिर संकोचून म्हणाले, "चीफसाब, आप गेट पे खडे रहेंगे?"

"क्यूं नहीं? सीटी तो मेरे पास है."

मला हसूच आलं. टँकर अडवताना कुणाचा जीव घाबरत नाही, त्यामुळे माझा आवाजही मोकळा झाला.

दोन वर्षांनी सुटाबुटातला एक माणूस गेटवर आला. "जनरलसाहेब बोलावतायत. जुनं पद, बंगला, बायको, सगळं परत मिळेल. या वेळी फक्त शिट्टी नीट वाजवा."

खोलीवर जाऊन साहेबांनी खतीजाबींना फोन लावला. पलीकडून एवढंच आलं, "त्यांच्या गाडीतून आलात तर मी दार उघडणार नाही."

साहेब रडले, मग हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेटवर.

पुढे जनरल पडला, पासपोर्ट निघाला, आणि खतीजाबी एक बॅग घेऊन फुजैराला उतरल्या.

आता ड्युटी नसली की मी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर असते. जरा काळवंडलेय, पण सुखात आहे. सुट्टीच्या दिवशी साहेब खाली कॅस्मिरशी गप्पा मारत बसतात, आणि खतीजाबी मला खिडकीतून जोरात फुंकतात. कधी त्या गल्लीतून गेलात आणि मी ऐकू आले, तर दचकू नका. भात निवत असतो, एवढंच.